जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेताय? मालकाने हे सांगायलाच हवं!

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभाग, कापडपेठ, हरभट रोडच्या बाजूला अशी जाहिरात तुम्ही वाचली असेल: एकाच मालकाची तीनमजली जुनी बिल्डिंग, आजवर भाड्याने दिलेली, आता नवा रंग देऊन एकेक फ्लॅट विकायला आहे. भाव बरा असतो, जागा मोक्याची असते. पण टोकन देण्याआधी हा व्हिडिओ पूर्ण बघा.

रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याचं नाव काढलं की मालक म्हणतो, "बिल्डिंग उभीच आहे, आम्ही कुठे काय बांधलंय?" हे ऐकून गप्प बसू नका. २०१६ च्या रेरा कायद्यात प्रवर्तक (प्रमोटर), म्हणजे ज्याला हा कायदा लागू होतो तो, फक्त बांधणारा नाही. उभ्या इमारतीचे वेगवेगळे फ्लॅट करून विकणाराही प्रवर्तकच. मात्र जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेराकडे नोंदणीची सक्ती नाही. आणि गावभागातले प्लॉट छोटेच असतात, तुम्हाला माहितीच आहे.

मग अशा वेळी आधार कशाचा? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. त्याचं कलम ५५ म्हणतं: मिळकतीत किंवा मालकीहक्कात मोठा दोष आहे, विकणाऱ्याला तो माहीत आहे आणि साधी काळजी घेऊनही तुमच्या लक्षात येण्यासारखा नाही, तर तो सांगायलाच हवा. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं कलमातच लिहिलंय.

आता पुराचं बघा. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४५ ची. पाणी आलं होतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यामुळे "मला सांगितलं नाही" हे कोर्टात टिकणं अवघड. पण त्या पाण्याने या बिल्डिंगच्या पायाचं, कॉलमचं काय झालं, हे फक्त मालकाला माहीत! जिन्याखाली जा, मीटरच्या पेटीमागे बघा. तिथे रंग पोचलेला नसतो. प्लास्टर फुगलंय का, कॉलमच्या कोपऱ्याला उभी चीर आहे का, गंजलेली सळई दिसते का? मग लेखी विचारा: दुरुस्ती कधी केली, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरने केलेली बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, कुठाय, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली होती का? उत्तरही लेखीच घ्या. तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही.

दुसरा कागद घोषणापत्राचा, म्हणजे डिक्लेरेशन. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली बिल्डिंग आणायची तर मालकाला ते रजिस्टर करावं लागतं. त्यात प्रत्येक फ्लॅटचं क्षेत्रफळ, सामाईक जागा कोणत्या आणि जमिनीत कुणाचा किती टक्के अविभक्त (वेगळा न काढलेला, सामाईक) हिस्सा, हे सगळं येतं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. गच्ची आणि पार्किंग मालकाने स्वतःकडे ठेवलंय का, टक्क्यांची बेरीज शंभर होते का, हे बोट ठेवून वाचा. नंतर ते टक्के बदलणं महाकठीण.

सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास), प्रॉपर्टी कार्ड, बोजा (मिळकतीवरचं कर्ज), थकलेली घरपट्टी, हे तुमचा वकील बघेलच.

भाडेकरूचं मात्र स्वतः बघा. फ्लॅट विकला म्हणून जुना भाडेकरू आपोआप निघत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असेल तर तो तुमचा भाडेकरू होतो. दुपारी चारला जाऊन दार वाजवा. आत कोण राहतं, किती वर्षं राहतं, पागडी (जागा भाड्याने घेताना दिलेली एकरकमी रक्कम) दिली होती का, हे त्यांनाच विचारा. आणि त्यांनी ताबा सोडल्याचा कागद हातात येईपर्यंत इसारपत्रावर, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन केलेल्या खरेदीच्या करारावर, सही करू नका.