मेसन यांची जमीन आणि वाळूचा प्रश्न

मंडळी, जॉर्ज मेसन हे नाव मोटारींच्या इतिहासात सापडतं. नॅश-केल्व्हिनेटर कंपनीचे ते प्रमुख. १९५४ साली नॅश आणि हडसन एकत्र करून त्यांनी अमेरिकन मोटर्स उभी केली आणि त्याच वर्षी ते वारले. मिशिगनमधल्या ओ साबल नदीच्या दक्षिण शाखेकाठची सुमारे १,५०० एकर जमीन ते मृत्युपत्राने राज्याला देऊन गेले. अट घातली होती, ही जमीन विकायची नाही आणि २५ वर्षं तिथे तंबू ठोकू द्यायचे नाहीत. देणगीपेक्षा मला ही अट जास्त शहाणपणाची वाटते.

त्यांचे गळ टाकण्यातले सोबती जॉर्ज ग्रिफिथ. ट्राउट या थंड, वाहत्या पाण्यातल्या माशासाठी संघटना काढायची या दोघांची कल्पना १९५९ साली ग्रिफिथ यांच्या नदीकाठच्या घरी प्रत्यक्षात आली. तीच ‘ट्राउट अनलिमिटेड’. हौदात वाढवलेले मोठे मासे नदीत ओतून नदी सुधारत नाही, हे त्यांचं सुरुवातीपासूनचं म्हणणं.

का सुधारत नाही? एकोणिसाव्या शतकात इथले पाइन तोडून ओंडके नदीतून वाहून नेले. काठ खरवडले गेले, वाळू पात्रात उतरली. ट्राउटची मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी पुरते. दगडांच्या फटींतून पाणी खेळतं, त्यातून अंड्यांना प्राणवायू मिळतो. फटी वाळूने बुजल्या की अंडी गुदमरतात. वरून हजार मासे सोडा, खालची खडी तशीच राहते.

म्हणून स्वयंसेवकाचं काम काठावर सुरू होतं, माती मुळांनी धरून ठेवणारी झाडं लावण्यापासून. विलो या पाण्याकाठच्या झाडाची पानं गळाली की अंगठ्याएवढ्या जाड फांद्या तोडायच्या. खालचं टोक तिरकं कापायचं, वरचं सपाट, म्हणजे कुणी घाईत उलटी रोवणार नाही. असं होतं, आणि उलटी फांदी सहसा धरत नाही. दोन-तृतीयांश लांबी ओल्या मातीत गेली पाहिजे. वरवर खोचलेली पहिल्या उन्हाळ्यात वाळते. तोडलेल्या फांद्या रोवेपर्यंत पाण्यात ठेवाव्यात.

आता गळाकडे, म्हणजे मासा धरून परत सोडण्याकडे. फ्लायच्या (पिसं-दोऱ्याच्या खोट्या किड्याच्या) गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. मासा सोडवणं सोपं होतं. फार बारीक दोरी लावू नका. तुटेल या भीतीने माणूस माशाला खेळवत बसतो आणि मासा थकून मरतो, तोही सोडून दिल्यानंतर, आपल्या नजरेआड. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. जाळी रबराची, आणि मासा शक्यतो पाण्यातच. फोटो हवाच असेल तर पाण्याबाहेर दहा सेकंदांहून कमी.

थर्मामीटर सावलीत, वाहत्या पाण्यात मिनिटभर बुडवून वाचा. १० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९. पाणी तापतं तशी माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. २० अंशांना तपकिरी ट्राउटसाठी गळ गुंडाळायचा. ब्रुक ट्राउट या दुसऱ्या जातीसाठी त्याही आधी, १८ च्या आसपास.

शरद ऋतूत पात्रात एखादा फिकट, नुकताच घासल्यासारखा खडीचा पट्टा दिसला तर वळसा घालून जा. त्याखाली अंडी असतात, आणि बुटाखाली ती चिरडतात.