दसऱ्याच्या सुमाराचा रेनिअर

नमस्कार मंडळी. सिएटल आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांना नवरात्राच्या मनापासून शुभेच्छा.

दसरा तोंडावर आला की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा पाय घरात ठरत नाही. तिकडे पाऊस सरलेला असतो, पठारांवर सोनकी फुललेली असते, ओढे उतरलेले असतात. ट्रेकचा हंगाम आत्ता कुठे उघडतो. हीच सवय घेऊन आपण इथे येतो, आणि सिएटलजवळच्या माऊंट रेनिअर या बर्फाच्छादित डोंगरावर नेमकी तीच घात करते. इथे या दिवसांत हंगाम मिटत असतो. आकाश निळंशार दिसतं, हकलबेरीची झुडपं लालभडक होतात, आपल्याला वाटतं आता मुहूर्त लागला. पण वरचा बर्फ वर्षातल्या सगळ्यात वाईट अवस्थेत असतो.

आधी उंचीचा अंदाज देतो. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटरचं. रेनिअरच्या दक्षिण अंगावर पॅराडाइज नावाच्या ठिकाणी आपण जिथे गाडी लावतो, त्या जागेची उंचीही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे महाराष्ट्राचा माथा जिथे संपतो तिथे इथली पायवाट सुरू होते. तिथून कॅम्प म्यूर, म्हणजे शिखराच्या वाटेवरचा मुक्कामाचा तळ, साधारण 3,100 मीटरवर, आणि शिखर 4,392 मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. खाली पार्किंगमध्ये दहा अंश असले, तर म्यूरला हात गोठायची वेळ आलेली असते. निघण्याआधी नुसतं ‘पाऊस आहे का’ एवढंच बघू नका. फ्रीझिंग लेव्हल, म्हणजे जिथे तापमान शून्यावर येतं ती पातळी, किती उंचीवर आहे ते बघा. ती 2,000 मीटरवर आली असेल, तर खाली भिजाल आणि वर त्याच ओल्या कपड्यांत गारठाल.

आता बर्फाचं सांगतो. हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळाभर वितळत जातो आणि सप्टेंबर संपेपर्यंत खालची जुनी, करडी, काचेसारखी टणक हिमनदी उघडी पडते. तिच्या भेगा, ज्यांना गिर्यारोहक क्रिव्हास म्हणतात, या सुमाराला सगळ्यात रुंद असतात. त्यांच्यावरचे बर्फाचे पूल पातळ झालेले असतात किंवा कोसळलेले असतात. इतपर्यंत ठीक, कारण भेग निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका सुरू होतो पहिल्या नव्या हिमवर्षावानंतर. वीतभर भुसभुशीत बर्फ पडतो आणि सगळं झाकून टाकतो. तो भेग लपवतो, पण माणसाचं वजन पेलत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे कॅम्प म्यूरखालच्या बर्फाच्या उतारावरून, म्हणजे म्यूर स्नोफील्डवरून, चढत होतो. आदल्या रात्री ताजा बर्फ पडला होता, समोर एकसारखी पांढरी चादर. सवयीने काठी पुढे टेकवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. काठी उपसली तर हाताएवढं भोक, आणि त्यातून निळसर अंधार दिसत होता. कडेने बर्फ उकरून पाहिला तेव्हा कळलं, भेग फूटभर रुंद होती आणि तिच्यावरची पापडी जेमतेम दोन बोटं जाड. पाय सहज अडकून मोडला असता. कॅम्प फार दूर नव्हता, छपरं दिसत होती. तरी आम्ही तिथूनच मागे फिरलो. पाच मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही.

स्नोफील्डवर भेगा नसतात, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. जून-जुलैत ते बहुतेक खरं वाटतं. आत्ता नाही. शिवाय इथलं धुकं. ढग उतरला की जमीन आणि आकाश एकच पांढरं होतं, उतार कुठल्या बाजूला आहे तेही कळत नाही. उतरताना जरा पश्चिमेला ढळलात तर निस्क्वाली हिमनदीच्या कड्यांकडे जाल, पूर्वेला गेलात तर पॅराडाइज हिमनदीकडे. वर जातानाची वाट जीपीएसवर नोंदवत चला, नकाशा आणि होकायंत्र सोबत असू द्या, कारण थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. शिखरावर ढगाची गुळगुळीत टोपी चढलेली दिसली, तर वर वारं भयंकर आहे आणि हवा पालटते आहे असं समजा. त्या दिवशी वरचा बेत सोडा.

शिखर चढाईबद्दल थोडक्यात सांगतो. डिसअपॉइंटमेंट क्लीव्हर या शिखराच्या नेहमीच्या वाटेवर उन्हाळाभर गाइड मंडळी शिड्या आणि दोर लावतात, रोज वाट तपासतात. सप्टेंबरअखेर त्यांचा हंगाम आटोपतो, आणि मग त्या वाटेला कोणी राखणदार नसतो. शिखराची दुसरी वाट एमन्स हिमनदीवरून जाते, तीही फाटलेली असते. दोर बांधून चालणं, सोबत्याला भेगेतून ओढून काढणं, हे हातात मुरलेलं नसेल तर या महिन्यांत हिमनदीवर पाऊलही टाकू नका. 10,000 फुटांच्या वर किंवा हिमनदीवर जायला परवाना लागतो, आणि एकट्याने जायचं असेल तर माऊंट रेनिअर राष्ट्रीय उद्यानाची वेगळी आगाऊ परवानगी घ्यावी लागते.

पावसाचंही ऐका, कारण इथला मोठा पाऊस आपल्या पावसासारखा जूनमध्ये येत नाही, तो शरदात येतो. 1947 च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीने कॉट्झ ओढ्यातून चिखल-दगडांचा असा लोंढा आला की निस्क्वालीचा रस्ता गाडला गेला. नोव्हेंबर 2006 मध्ये 36 तासांत जवळजवळ 46 सेंटीमीटर पाऊस कोसळला आणि उद्यान सहा महिने मोटारींसाठी बंद राहिलं. डोंगराला वळसा घालणारी वंडरलँड ट्रेल सुमारे 150 किलोमीटरची आहे. तिच्या वाटेवरच्या नद्यांवर बऱ्याच ठिकाणी नुसते ओंडक्यांचे साकव आहेत आणि पुरात ते वाहून जातात. साकव नसेल तर पाण्यात उतरू नका. हे हिमनदीचं पाणी आहे, गढूळ, तळाशी धोंडे गडगडत असतात. आपल्याकडच्या ओढ्यासारखी साखळी करून ते पार होत नाही.

मग जायचंच नाही का? जा, जरूर जा. पॅराडाइजहून स्कायलाइन ट्रेलने पॅनोरमा पॉइंटपर्यंत चढा, समोर निस्क्वाली हिमनदी अख्खी दिसते. सकाळी वाटेवर गोठलेलं पाणी असतं, म्हणून बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स घ्या. सुती कपडे नकोत, लोकर चालेल. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पावणेपाचला. टॉर्च प्रत्येकाच्या पिशवीत हवा, एकट्या म्होरक्याच्या नाही. उद्यानाच्या दुसऱ्या बाजूच्या सनराइज या ठिकाणाचा रस्ता बर्फ पडला की बंद होतो, त्यामुळे निघायच्या सकाळी रस्ते उघडे आहेत का ते तपासा. 1 नोव्हेंबरपासून उद्यानात येणाऱ्या प्रत्येक गाडीत टायरच्या साखळ्या असाव्याच लागतात, ऊन असलं तरी.

येत्या रविवारी मी सासू-सासऱ्यांना घेऊन जातोय. ती दोघं पुण्याहून आलीत, गुडघे जपून चालतात. हवा उघडी असली तर रिफ्लेक्शन लेक्सच्या काठी बसून दशम्या खाऊ, पाण्यात डोंगर बघू. ढग असले तर खाली लाँगमायरला झाडीतून एक सपाट फेरी मारू. घरून सातला निघायचं ठरलंय, सासूबाईंनी डबा आत्ताच काढून ठेवलाय. नमस्कार.