कोमट पाण्याची किंमत

मंडळी, कडाक्याच्या थंडीतल्या घरात सोलर हीटर आणि हीट पंप (हवा, जमीन किंवा पाण्यातली उष्णता विजेच्या मदतीने घरात खेचणारं यंत्र) यांची जोडी लावायची म्हटली की लोक आधी विचारतात, पॅनेल किती लावू? त्याआधी विचारायला हवं, घर तापवायला पाणी किती गरम लागतं? सगळं गणित तिथून सुरू होतं.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स नावाचं गाव आहे. तिथल्या ड्रेक लँडिंग या 52 घरांच्या वसाहतीत 2007 पासून उन्हाळ्यातली उष्णता जमिनीत साठवली गेली. गॅरेजच्या छपरांवर पाणी तापवणारी सुमारे 800 पॅनेल होती आणि खाली सुमारे 35 मीटर खोलीची 144 बोअर. 2015–16 च्या हिवाळ्यात तर घरं तापवायला लागणारी सगळी उष्णता उन्हाचीच होती. या व्यवस्थेत हीट पंप नव्हता. बाहेर येणारं पाणी थेट घरात वापरायचं, म्हणून जमिनीचा गाभा उन्हाळ्याअखेर 80 अंशांच्या आसपास न्यावा लागे. एवढ्या गरम जमिनीतून उष्णता आजूबाजूला झिरपतच राहते.

आता एका घराची टाकी घेऊ. 1000 लिटर पाणी 60 अंशांवरून 30 पर्यंत उतरलं की सुमारे 35 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते. बाहेर उणे 15 असताना बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या घराला 6 किलोवॅट लागत असतील, तर ती जेमतेम सहा तास पुरते. उरलेलं 30 अंशांचं कोमट पाणी थेट वापरायला निरुपयोगी. पण तेच हीट पंपाला ‘स्रोत’ म्हणून दिलं आणि 5 अंशांपर्यंत उतरवलं, की आणखी 29 युनिट हाती लागतात. टाकी तीच, पॅनेल तीच.

दुहेरी फायदा इथेच आहे. टाकीचा तळ थंड राहिला की हिवाळ्यातल्या दुबळ्या उन्हातही पॅनेल काम करतं. तळ 50 अंशांवर असेल तर त्या दिवशी पॅनेलमधून द्रव फिरवणारा सोलरचा पंप सुरूही होणार नाही. हीट पंपाचंही तसंच. बाहेरची हवा उणे 10 असताना चांगलं यंत्र घराच्या फरशीखालच्या नळ्यांसाठी 35 अंशांचं पाणी करताना एका युनिट विजेत पावणेतीनच्या आसपास युनिट उष्णता देतं. आत गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरसाठी 55 अंश मागितले की ते दोनच्या आसपास येतं. म्हणून जुन्या घरात पॅनेलवर पैसे घालण्याआधी भिंती-छताचं इन्सुलेशन करा आणि रेडिएटर मोठे बसवा, असं मी ठामपणे सांगेन.

जोडणीत चूक कुठे होते? हीट पंप जमिनीतल्या नळ्यांवर चालणारा असेल तर सोलरची उष्णता त्याच्या स्रोताच्या बाजूला देता येते. मात्र बऱ्याच यंत्रांना तिथे 20–25 अंशांपेक्षा गरम द्रव चालत नाही. दुपारी पॅनेलमधून 50 अंशांचा ग्लायकॉल (थंडीत सहज न गोठणारा द्रव) थेट आत गेला की यंत्र बंद पडतं आणि मालकाला वाटतं पंपच बिघडला. तिथे गरम द्रवात थंड मिसळून तापमान उतरवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. पाणी 40 च्या वर असेल तर सरळ फरशीखालच्या नळ्यांत, त्याखाली गेलं की हीट पंपाकडे, असा क्रम कंट्रोलरमध्ये बसवावा. उन्हाळ्यातली जादा उष्णता बोअरमध्ये सोडणंही चांगलं, पण एका घराच्या एकट्या बोअरमध्ये ती हिवाळ्यापर्यंत टिकेल असं समजू नका. ओकोटोक्सला 144 बोअर शेजारी-शेजारी होती, म्हणून मधली जमीन गरम राहिली. एकट्या बोअरला फायदा एवढाच, की दरवर्षी थंड होत जाणारी जमीन सावरते.

हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाची सोलरशी गाठ टाकीतच पडते. पंपाचा सेन्सर टाकीच्या वरच्या एक तृतीयांश भागात हवा. तो तळाशी बसवला तर पहाटे, म्हणजे सगळ्यात थंड हवेत, पंप पूर्ण टाकी तापवून ठेवतो आणि दहाला ऊन येतं तेव्हा त्याला जागाच उरलेली नसते. अंघोळीच्या पाण्यासाठी पंपाची वेळ दुपारनंतरची लावा, तेव्हा हवाही जरा उबदार असते. बाहेरचं युनिट बर्फाच्या थरापेक्षा उंच चौथऱ्यावर ठेवा. डिफ्रॉस्टचं, म्हणजे युनिटवर जमलेला बर्फ वितळून पडणारं, पाणी खाली गोठून पंख्यापर्यंत चढतं.

पॅनेल 60–70 अंशांच्या उभ्या चढावर लावा. 50 अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम 16 अंश असतो. शिवाय बर्फ आपोआप घसरतो आणि उन्हाळ्यात पॅनेल कमी तापतं. हा शेवटचा फायदा मोठा आहे. टाकी भरल्यावर प्रवाह थांबला की साध्या सपाट पॅनेलमध्येही तापमान 180 अंशांच्या पुढे जाऊ शकतं. ग्लायकॉल त्यात भाजून आंबट होतो, काळा चिकट गाळ धरतो. दरवर्षी त्याचा पीएच तपासा. 7 च्या खाली गेला की बदला, नाहीतर नळ्या आतून खायला लागतो. प्रमाणात कंजुषी नको: 40 टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण उणे 21 पर्यंतच साथ देतो, 50 टक्के उणे 33 पर्यंत.

एक तपासणी फुकटात होते. रात्री दहाला, सोलरचा पंप बंद असताना, छपराकडे जाणाऱ्या नळीला टाकीपासून दोन-तीन मीटरवर हात लावा. ती थंडगार हवी. कोमट लागली तर उलटा प्रवाह अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकलेला आहे. टाकीतलं गरम पाणी नळीतल्या द्रवाला तापवतंय, तो आपोआप वर चढतोय आणि तुमची दिवसभराची कमाई छपरावर बर्फ वितळवतेय.