वाढत्या खोडातले मिलिव्होल्ट

[दृश्य : अंधारी खोली, मंद हिरवा दिवा, ट्रेमधले कोंब]

वाटाण्याचे हे कोंब आठवडाभर अंधारात वाढलेत, २५ अंशांवर. म्हणून पांढुरके आणि लांबुडके. वाकलेल्या शेंड्याच्या लगेच खालचा भाग सगळ्यात जोमाने लांबतो. तिथलाच १० मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. शेंडा छाटला की वरून येणारं ऑक्सिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, थांबतं. आता ते केव्हा आणि किती द्यायचं, हे आपण ठरवायचं.

[दृश्य : काचेची नळी तापते, ताणली जाते]

पेशीच्या आतबाहेरच्या विद्युतदाबातला फरक, म्हणजे विभवांतर, मोजायला काचेची सुई लागते. नळी मधोमध तापवून ओढली की टोक एका मायक्रोमीटरहून बारीक होतं. आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवलेली चांदीची तार. द्रावण सर्रास ३ मोलर तीव्रतेचं भरतात. लहान पेशीत ते टोकातून झिरपतं आणि पेशीतल्या आयनांचं प्रमाणच बिघडवतं. अर्धा मोलर बरं. नळीत बुडबुडा राहिला किंवा तारेवरचा थर खरवडला गेला, तर आकडा भरकटत राहतो.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकातून, टोक पेशीला टेकतं]

तुकडा १ मिलिमोलर पोटॅशियमच्या द्रावणात आहे, सोबत थोडं कॅल्शियम. ते विसरलं तर पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पापुद्रा, गळकं होतं. पटलाबाहेरची कडक भित्तिका किंचित दबते, स्टँडला हलकी टिचकी, टोक आत, आणि पडद्यावरची विभवांतराची रेषा धाडकन खाली. उणे ११५ मिलिव्होल्ट.

रेषा लगेच वर सरकायला लागली तर पटल टोकाभोवती नीट मिटलेलं नाही, पेशी सोडून द्यायची. जाडसर आणि थरथरती दिसली तर तो मेन लाइनचा ५० हर्ट्झ. भोवती जाळीचा पिंजरा हवा आणि सगळ्यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी.

११५ मिलिव्होल्ट किरकोळ वाटतात. पण पटलाची जाडी जेमतेम ८ नॅनोमीटर. मीटरमागे हिशेब केला तर जवळजवळ दीड कोटी व्होल्ट!

[दृश्य : ॲनिमेशन, पटलातला पंप]

एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. त्याचा एक रेणू खर्चून हा पंप एक प्रोटॉन, म्हणजे धन भाराचा हायड्रोजन आयन, बाहेर टाकतो. आतली बाजू ऋण होते आणि त्या ओढीने पोटॅशियम आत येतं. एवढ्या विभवांतरावर ते बाहेरच्या सुमारे शंभरपट साठू शकतं. मागोमाग पाणी, आणि पेशीतली पाण्याची पिशवी, रिक्तिका, फुगते. तरी भित्तिका घट्ट असेल तर पेशी लांबत नाही. बाहेर टाकलेले प्रोटॉन इथे कामाला येतात. भित्तिकेचा सामू (pH) पाचच्या आसपास उतरला, म्हणजे ती आम्लधर्मी झाली, की एक्स्पान्सिन प्रथिनं तिची वीण सैल करतात. ही प्रथिनं १९९२ मध्ये काकडीच्या रोपांत सापडली. शाळेची पाठ्यपुस्तकं मात्र बहुधा ‘ऑक्सिनमुळे खोड लांबतं’ एवढ्यावर उरकतात. पंपाचं नाव क्वचितच.

[दृश्य : एकाच पडद्यावर रेषा आणि तुकडा]

ऑक्सिन, १० मायक्रोमोलर. खोडावरचं मेणचट आवरण आधी कार्बोरंडमच्या भुकटीने हलकं घासलेलं असावं, नाहीतर औषध आत पोचायलाच वेळ जातो. रेषा आधी किंचित वर जाते. मग काही मिनिटांनी आधीपेक्षा खाली. आणि तुकडा लांबायला लागतो.

शेतात पाणी साचून मुळांना ऑक्सिजन मिळेना, की तिथल्या पेशींत एटीपी आटतं आणि हेच पंप मंदावतात.

[दृश्य : पिपेटमधून सोडियम अझाइड]

इथे तेच रसायनाने घडवलंय. एटीपीचा पुरवठा तुटला, रेषा वर चढली. शून्यापर्यंत मात्र जात नाही. उरलेलं विभवांतर मुख्यतः आत साठलेल्या पोटॅशियमचं.