शाई सुकेपर्यंत

(पाऊस. कौलांवरून पागोळ्या. आतून ठक्-ठक् आवाज.)

कुडाळपासून थोडं आत, शेतांच्या कडेला ही पडवी. कोपऱ्यात नऊ पखवाज उभे आहेत. प्रत्येकाच्या वादीत, म्हणजे चामडी पट्टीत, एक चिठ्ठी खोचलेली, तिच्यावर वाडीचं नाव आणि खाली ‘अर्जंट’. गणपती बारा दिवसांवर आलेत.

“पावसात चामडा सैल पडता, मगे आवाज बसता,” पखवाज दुरुस्त करणारे काका मान वर न करता सांगतात.

(क्लोजअप : बोटं, काळी शाई.)

पखवाजाच्या उजव्या पुडीवरची, म्हणजे चामड्याच्या तोंडावरची, ही शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची खळ. बोटाने पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, सुकू द्यायचा आणि पुन्हा वर थर. श्रावणात ऊन कुठलं? म्हणून टेबलफॅन लावलाय. घोटता घोटता शाईला केसाएवढ्या भेगा पडतात. नवख्याला वाटेल, बिघडलं. पण त्या पडायलाच हव्यात, त्याशिवाय नाद मोकळा होत नाही.

मग वादी ताणायची, तिच्याखालचा लाकडी गठ्ठा हातोडीने सरकवायचा. शेजारी नातू पेटीवर काळी चार हा सूर धरून बसलाय. काका एक थाप मारतात, कान लावतात. नाही. अजून अर्धा सूत.

(मंडळाची खोली. कोरी पेटी, नवे टाळ.)

२०२५ साली राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याच हंगामात राज्यातल्या १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचं अनुदान जाहीर झालं, ते पेटी, पखवाज, टाळ घेण्यासाठी. वृद्ध कलावंतांचं मानधनही २०२४ पासून महिना ५ हजार झालंय.

नवीन वाद्यं आली, हे बरंच झालं. पण पुढच्या पावसात नव्या पखवाजांचाही सूर उतरणार, आणि तो चढवणारा हात या तालुक्यात शोधावा लागतो. नातू पुण्याला नोकरी बघतोय.

(रात्र. मखर, समया. बुवा बसलेत.)

पखवाजवाला कणकेचा गोळा ओला करून डाव्या पुडीवर थापतो. कणीक पातळ झाली तर घुमारा पळतो, घट्ट झाली तर थाप मरते. प्रमाण कुठे लिहिलेलं नाही, अंगठ्याला कळतं.

स्तवन, रूपाचा अभंग, मग गजर. घरापुढच्या खळ्यात एक पोरगा स्टँडवर मोबाइल लावून उभा आहे. पूर्वी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्याच्या, कॅसेटी एसटी स्टँडवर विकल्या जायच्या, आता बाऱ्या यूट्यूबवर चढतात. त्यातून बुवांच्या हाती काय पडतं, ते विचारलं तेव्हा बुवा नुसते हसले.

(गजर. निवेदन नाही. टाळ, पखवाज, कोरस.)

उसळ-पाव आला. डाव्या पुडीवरची कणीक नखाने खरवडून केळीच्या पानावर काढली जातेय. पखवाज खोळीत जातो. उद्या सकाळी तो पुन्हा पडवीत, उजवी बाजू जराशी उतरलीय.