हौदाला काठ देताना

मंडळी, बागेतल्या तळ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न पाणी स्वच्छ कसे ठेवावे हाच येतो. मीही पहिली दोन वर्षे याच प्रश्नामागे धावलो, म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. पुण्यातल्या आमच्या जुन्या घरामागे बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल असा सिमेंटचा हौद आहे. आजोबांच्या काळात त्यात कमळे फुलत. पुढे विहिरीवरचा पंप बंद पडला, आंब्याची पाने वर्षानुवर्षे त्यात कुजत राहिली आणि घरात त्याला ‘मागचं डबकं’ असे नाव पडले. निवृत्त झाल्यावर मी तो उपसला, तारेच्या ब्रशने घासला, ब्लीचिंग पावडर टाकली, आतून आकाशी रंग दिला, कडेने पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट बसवला आणि रोपवाटिकेतून जांभळ्या फुलांची एक तरंगती वनस्पती आणली. ती जलपर्णी होती. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल हवामानात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, त्यामुळे गणपती येईपर्यंत हौदातले पाणी दिसेनासे झाले होते.

जलपर्णी उपटून टाकता आली. ग्रॅनाइटने केलेला घोटाळा मात्र मला बऱ्याच उशिरा कळला. ऑक्टोबरच्या उन्हात एक चतुर त्या काळ्या कडेवर पुन्हापुन्हा शेपटी टेकवताना दिसला आणि जवळ जाऊन पाहिले, तेव्हा ती मादी तापलेल्या दगडावर अंडी घालत असल्याचे लक्षात आले. चतुरांना पाणी ओळखता येते ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून, आणि चकचकीत काळा दगड तसाच प्रकाश परावर्तित करतो. हंगेरीतील संशोधकांनी दफनभूमीतल्या काळ्या, गुळगुळीत दगडांभोवती चतुर असेच घुटमळताना नोंदवले आहेत. ते वाचल्यावर मी ग्रॅनाइट काढून त्या जागी खडबडीत, बिनपॉलिशचा काळा पाषाण लावला.

हौद आणि तळे यांतला फरक मला या खटाटोपातून समजला. हौदाला भिंत असते, काठ नसतो. भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, रात्री पाण्यात उतरतो, पण सरळ भिंतीवरून त्याला वर येता येत नाही आणि सकाळी तो फुगून तरंगताना सापडतो. चिमण्या-बुलबुलांना पाय टेकायला जागा नसल्यामुळे ते पाणी पिऊ शकत नाहीत. आणि पाणवनस्पतींना हवी असलेली वीतभर खोलीची जागा तर कुठेच नसते. म्हणून पुनरुज्जीवनाच्या खर्चातला आणि कष्टातला मोठा वाटा काठावर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी एका कोपऱ्यात विटांचे तुकडे आणि दगड रचून वरपासून तळापर्यंत उतार केला, त्यावर गोणपाटात भरलेली माती बसवली, आणि उताराच्या वरच्या भागात पाणी चार ते आठ इंचच राहील एवढा सपाट पट्टा ठेवला. मधली खोली अडीच फूट राहिली आणि ती पुरेशी आहे. ज्यांना एवढे काम शक्य नसेल, त्यांनी निदान एक खडबडीत फळी पाण्यातून काठापर्यंत तिरकी टेकवून ठेवावी. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावरून कोण कोण बाहेर येते, ते दिसेल.

आता गाळाविषयी. गाळ काढायचा तो एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत कमी असताना, आणि एकाच वर्षात सगळा काढायचा नाही. कुजलेल्या पानांचा जाड थर पाण्यातला प्राणवायू खातो, हे खरे आहे, म्हणून तो कमी करावाच लागतो. पण त्याच गाळात पाण्यातले सूक्ष्म शेवाळ खाणाऱ्या इवल्याशा पाणपिसवांची कोरड्या काळात तग धरणारी अंडी, वनस्पतींचे कंद आणि बिया, गोगलगायी आणि चतुरांच्या अळ्या असतात. ब्लीचिंगच्या त्या चुकीनंतर नव्याने सुरुवात केली, त्या वर्षी मी हौदाचा निम्माच भाग उपसला, काढलेला गाळ दोन दिवस काठालगतच पसरून ठेवला आणि त्यातून सरपटत, वळवळत परत पाण्याकडे निघालेल्यांना जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चिखलात बोटभर लांबीच्या, मातकट रंगाच्या अकरा अळ्या मी चमच्याने उचलून पाण्यात सोडल्या. ज्या हौदाला आम्ही मेलेला समजत होतो, त्यातली ही अकरा.

पाणी मुरते की आटते, याचा वाद घरोघरी होतो. उन्हाळ्यात पुण्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारे एक सेंटीमीटरने उतरणे स्वाभाविक आहे. शेजारी काठोकाठ भरलेली बादली ठेवून चार दिवसांनी दोन्हींची पातळी मोजावी. बादलीपेक्षा हौद बराच जास्त उतरला, तर भेग आहे असे समजावे. सिमेंटने भेग बुजवली, की ओल देऊन ते पक्के होऊ द्यावे, हौद भरावा, काही दिवसांनी ते पाणी सोडून द्यावे आणि असे दोन-तीन वेळा करावे, कारण नव्या सिमेंटमधून सुटणारा चुना पाणी अल्कधर्मी करतो. शेवटचे भरणे पावसाच्या पाण्याचे असले तर उत्तम. नळाचे पाणी भरायचे झाल्यास ते दोन दिवस उघड्यावर ठेवून क्लोरीन उडू द्यावा.

वनस्पती थोड्या आणि इथल्या निवडाव्यात: उथळ पट्ट्यात वेखंड आणि नीरब्राह्मी, मध्यभागी एक कुमुदिनी, पाण्याखाली हायड्रिला. शेणखत घातलेला पोयटा वापरू नये. त्या खतावर पाणी हिरवेगार होते, आणि मग आपण औषधे शोधत फिरतो. हौदातून निघालेलाच गाळ कुंडीत भरावा. पाणवनस्पतींनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकू नये, एवढे पाहिले की बाकी काम ऊन करते. नवीन पाणी पहिले काही आठवडे हिरवे राहतेच. पाणपिसवा वाढल्या की ते आपोआप निवळते, आणि तेवढा धीर धरणे हेच सगळ्यांत अवघड जाते.

डासांचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि तो विचारणाऱ्या शेजाऱ्यांची चेष्टा करू नये. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला कुंडीखालच्या बशा, कूलर, टायर अधिक पसंत असले, तरी मलेरिया पसरवणारा शहरातला ॲनॉफिलिस स्वच्छ हौदातही वाढतो. म्हणून मी दर रविवारी पांढऱ्या वाटीने पाणी काढून पाहतो: पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी ॲनॉफिलिसची, आणि डोके खाली करून तिरकी लोंबणारी क्युलेक्स या घरगुती डासाची किंवा एडिसची. यावर लोक लगेच गप्पी किंवा गंबुशिया मासे सोडा म्हणतात. गंबुशिया आपल्याकडे 1928 साली डासांसाठीच आणला गेला, आणि आज जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, कारण तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी-पिल्ले आणि पाणकिडेही खातो. अगदीच मासा हवा असेल, तर डोक्यावर चमकणारा पांढरा ठिपका असलेला आपल्या ओढ्यांतला पिकू घ्यावा. पण एवढ्याशा तळ्यात मासे आणि बेडूक यांपैकी एकच निवडावे लागते, आणि मी बेडूक निवडले. पहिले पाच आठवडे मी वाटीत सापडलेल्या अळ्या जाळीने काढल्या. नंतर पाठीवर पोहणारे किडे आणि चतुरांच्या अळ्या पुरेशा झाल्या, आणि रविवारच्या वाटीत काही सापडेनासे झाले.

हे सगळे जीव मी आणून सोडले का, असे विचारले जाते. एकही नाही; दुसऱ्या तळ्यातून बेडूक आणल्याने रोगही येतात आणि ते तिथून उणेही होतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री भेकांचा आवाज सुरू झाला आणि सकाळी वेखंडाच्या बुंध्यांभोवती काळ्या मण्यांच्या माळेसारख्या अंड्यांच्या लांब दोऱ्या गुंडाळलेल्या दिसल्या. आठवड्याने झाडबेडकाने पाण्यावर ओणवलेल्या अनंताच्या फांदीला पांढरा फेस लावला. आत अंडी होती आणि पिल्ले थेंबाथेंबाने खाली पाण्यात पडत होती. त्या आठवड्यात अनंताची छाटणी ठरली होती, ती पुढे ढकलली. एक दिवड बेडकांच्या मागावर दोनदा येऊन गेली. ती बिनविषारी असते, एवढे घरच्यांना समजावून सांगितले आणि दिव्यावरच्या किड्यांसाठी बेडूक व त्यांच्यामागे ती दाराशी येऊ नये, म्हणून मागच्या दाराचा रात्रीचा दिवा कायमचा बंद केला.

वेखंडाची वाळलेली पाने मी आता कापत नाही, याचे कारण सांगून थांबतो. पाण्यात वाढलेली चतुराची अळी रात्री अशा एखाद्या पात्यावर चढते, तिथेच कात टाकते आणि सकाळच्या उन्हात पंख वाळवून उडून जाते. मागे उरते ती पाठीवर उभी चीर असलेली पोकळ, पिवळसर कात. ऑगस्ट ते ऑक्टोबर रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या कातींची मोजणी करतो आणि वहीत लिहून ठेवतो. गेल्या वर्षी एकशे सदतीस झाल्या. त्यांतल्या चार हौदापासून दहा फूट दूर, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबावर होत्या.