आधी बाजू, मग कारणं

[दृश्य: पॅडवर लावलेला कागद, फुल्या मारणारा हात]

२०१० साल. स्वीडनमध्ये सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली आहे. एक संशोधक मतदारापुढे पॅड धरतो. कागदावर बारा विधानं आहेत. पेट्रोलवरचा कर वाढवावा, असली; ज्यांवरून डावी आणि उजवी आघाडी तेव्हा भांडत होती. प्रत्येकापुढे एक रेघ. मत असेल तिथं फुली मारायची.

मतदार फुल्या मारतो. बाजूला उभा असलेला संशोधकही काहीतरी लिहितोय. नोंदी करत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो तसाच दुसरा कागद भरतोय, पण उलट बाजूला झुकणाऱ्या उत्तरांचा. त्या कागदाला मागून गोंद लावलेला आहे. पॅड हातात घेता घेता तो मूळ उत्तरांवर चिकटतो. निव्वळ हातचलाखी.

मग पॅड पुन्हा मतदाराकडे. “हे तुम्हाला असं का वाटतं, जरा सांगाल?”

आणि मतदार सांगतो! जे मत त्यानं दिलंच नाही, त्याचं समर्थन करतो. बदललेल्या उत्तरांपैकी जेमतेम २२ टक्के पकडली गेली. शेवटी सगळ्या उत्तरांची बेरीज दाखवून ‘तुम्ही या बाजूचे दिसता’ असं सांगितलं, तेव्हा ९२ टक्के लोकांनी ती बदललेली बेरीज आपलीच मानली.

या लोकांना बावळट म्हणायची घाई नको. मतं आपण कपाटात घडी घालून ठेवलेली नसतात. कुणी विचारलं, की कारणं तिथल्या तिथं जुळवतो. मग प्रश्न उरतो तो बाजूचा. ती कुठून येते?

[दृश्य: जुनी छायाचित्रं, जेवणाच्या टेबलाभोवती कुटुंब]

पहिलं उत्तर सोपं: घरातून. १९६५ मध्ये अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या दीड हजारांहून अधिक मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना वेगवेगळं विचारलं गेलं. पक्ष कोणता, यावर दोघांचं बऱ्यापैकी जुळलं. एकेका प्रश्नावरची मतं मात्र तितकी जुळली नाहीत. घरातून मूल उचलतं ते नाव. बाबा कुणाचं भाषण लागलं की आवाज वाढवतात आणि कुणाचं लागलं की उठून जातात, हे त्याला धोरण कळायच्या कितीतरी आधी कळतं.

पण घराचा रंग उडतोही.

[दृश्य: कॉलेजची इमारत, पायऱ्यांवर बसलेल्या मुली]

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातलं बेनिंग्टन कॉलेज. १९३२ साली सुरू झालेलं, तेव्हा फक्त मुलींचं. मुली बहुतेक सधन, रिपब्लिकन घरांतल्या. प्राध्यापक बरेचसे डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्टच्या बाजूचे. समाजमानसशास्त्रज्ञ थिओडोर न्यूकम तिथंच शिकवत होते. १९३६ च्या निवडणुकीत त्यांनी मुलींचा कल पाहिला. पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुली रूझवेल्टविरुद्ध उभ्या असलेल्या रिपब्लिकन लँडनच्या बाजूनं, म्हणजे जवळपास आईवडिलांइतक्याच. शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांतल्या मुलींत हाच आकडा १५ वर.

त्यांना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. ज्या मुलींना कॉलेजात मान होता, ज्यांच्यासारखं व्हावंसं वाटायचं, त्या नव्या विचारांच्या होत्या. एवढं पुरलं. काही मुली मात्र बदलल्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणींचा जीव घरातच गुंतलेला होता.

मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढच्या भागाचं. पाव शतकानंतर, १९६० च्या सुमारास, न्यूकम यांनी त्यातल्या अनेकींना पुन्हा गाठलं. बहुतेकींची मतं टिकून होती. कारण? नवरा आणि मैत्रिणी त्याच विचारांच्या मिळाल्या होत्या, म्हणजे त्यांनी तशाच जोडल्या होत्या. विशीत बदललेलं मत आयुष्यभर एकटं उभं राहत नाही, त्याला शेजार लागतो.

[दृश्य: दोन कागद शेजारी शेजारी, वर पक्षांची चिन्हं]

आणि शेजार बदलला तर? जेफ्री कोहेन या अमेरिकी संशोधकाचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांपुढे गरिबांच्या मदतीच्या योजना ठेवल्या: एक उदार, एक अगदी हात आखडलेली. ‘तुमच्या पक्षाचा हिला पाठिंबा आहे’ असं सांगितलं, की उदारमतवादी मुलंही आखडत्या योजनेला हो म्हणायची आणि पुराणमतवादी मुलंही उदार योजनेला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

नंतर त्यांना विचारलं, तुम्ही कशावरून ठरवलंत? योजनेतला तपशील वाचून, असं त्यांचं म्हणणं. आणि बाकीचे विद्यार्थी?

ते पक्षाकडं बघून ठरवतात, म्हणाले.